जळगावच्या कविसंमेलनातून एका पोराला घरी नेणारे टिळक : पाद्री झाले, आणि एकेक पायरी खाली उतरत गेले

साल १९०७. जळगावात कवी जमले होते.

आज कविसंमेलन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बॅनर येतं, शाल-श्रीफळ येतं आणि माईक न सोडणारे एक काका येतात. तेव्हा मात्र कवींनी गावोगावहून निघून एका ठिकाणी जमायचं ही कल्पनाच नवीन होती. मराठीतलं पहिलं कविसंमेलन म्हणून जळगावच्या या संमेलनाचं नाव घेतलं जातं.

जागाही बघा. पुणे नाही, मुंबई नाही. कापसाच्या गाठींचं आणि रेल्वेचं गाव. वर्षभरापूर्वीच, १९०६ साली, जुन्या खानदेश जिल्ह्याचे दोन भाग झाले होते. पूर्व खानदेशचं ठाणं जळगाव, पश्चिम खानदेशचं धुळे. तिकडे धुळ्यात जन्मलेले कवी विनायक म्हणजे विनायक जनार्दन करंदीकर इतिहासाच्या कवितांनी महाराष्ट्र गाजवत होते. इकडे खुद्द जळगावात, चौधरींच्या घरी, असोद्याहून लग्न होऊन आलेली बहिणाबाई नावाची बाई घरोट्यावर दळता दळता ओव्या रचत होती. लिहिता-वाचता येत नसल्यामुळे तिचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. पण तो विषय वेगळा.

संमेलनाचे अध्यक्ष होते कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. हा माणूस लष्करात डॉक्टर, वनस्पतिशास्त्राचा जाणकार आणि वर कवी. भारतातल्या औषधी वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ पुढे त्यांच्याच नावावर आला. तर अशा या संमेलनात धरणगावात जन्मलेला, वयाची सतरा वर्षं जेमतेम भरत आलेला एक मुलगा उठला आणि त्याने कविता म्हटली. सभा अवाक झाली. कीर्तिकरांनी त्याला पदवी दिली, 'बालकवी'. त्र्यंबक बापूजी ठोमरे हे त्याचं खरं नाव पुढे फक्त पुस्तकाच्या प्रस्तावनेत उरलं.

ही गोष्ट शाळेत बहुतेकांनी ऐकलेली असते. पण त्या संमेलनात आणखी एक माणूस होता. नगरहून आलेला, पंचेचाळिशीतला, स्वतः नावाजलेला कवी. टाळ्या वाजवून सगळे आपापल्या गाडीला लागले. या माणसाने मात्र त्या पोराला नगरला आपल्या घरी आणलं, शिकायला ठेवून घेतलं, मुलासारखं सांभाळलं.

तो माणूस ख्रिस्ती पाद्री होता. पोरगा ब्राह्मणाचा होता. आणि पाद्रीही जन्माने चित्पावन ब्राह्मणच होता. नाव नारायण वामन टिळक.

आधी नावाचा गोंधळ मिटवू

हे लोकमान्य टिळक नाहीत. लोकमान्य १८५६ चे, हे १८६१ चे. दोघंही रत्नागिरी जिल्ह्यातल्या चित्पावन घरांतले, म्हणून गल्लत होते. 'केवढे हे क्रौर्य' ही कविता ज्यांच्या नावाखाली पाठ्यपुस्तकात असायची ते हे टिळक. फुलांचे आणि मुलांचे कवी अशी त्यांची ओळख. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' वाचलं असेल, किंवा विजया मेहतांनी त्यावर केलेला चित्रपट पाहिला असेल, तर त्यातला तो घरात न ठरणारा, चिडका, भोळा, पैसा हातात न टिकणारा नवरा म्हणजेही हेच टिळक.

ख्रिस्ती मराठीत एक शब्द आहे, पाचारण. देव एखाद्याला हाक मारतो, आपल्या कामाला बोलावतो, त्या बोलावण्याला पाचारण म्हणतात. ऐकायला भारदस्त वाटतं. आणि हीच त्यात गोम आहे. देवाने आपल्याला निवडलं असं ज्याला वाटतं, तो माणूस डोक्यावर बसायला वेळ लागत नाही. कुठल्याही धर्मात बघा, असे नमुने सापडतात. टिळकांचं आयुष्य वाचायचं ते यासाठी की त्यांना हाक आली, त्यांनी ओ दिली, आणि त्यानंतर त्यांच्या हातात जे जे मोठेपण आलं ते त्यांनी खाली ठेवलं. काही ठेवणं सोपं गेलं. काहींची किंमत दुसऱ्याच माणसाने मोजली.

घर सुटलं ते सुटलंच

जन्म ६ डिसेंबर १८६१, करजगाव. वडील वामनराव सरकारी नोकरीत, स्वभावाने कडक. आई जानकीबाई हळवी, कवितेत रमणारी. आई गेली तेव्हा नारायण अकरा-बारा वर्षांचा असेल. वडिलांशी पटत नव्हतं, घर सोडलं आणि पोरगा नाशिकला आला. तिथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकला. इंग्रजी शाळेत जेमतेम दोन वर्षं काढली. कॉलेज नाही, डिग्री नाही. पुढे ज्यांच्या कवितेवर लोक पीएचड्या करणार होते, त्यांचं शिक्षण एवढंच.

१८८० साली लग्न झालं. मुलगी नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची. माहेरचं नाव मनकर्णिका, सासरी लक्ष्मीबाई. वय अकरा-बारा. तिच्या माहेरी सोवळ्याचा असा काही अतिरेक होता की बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू आधी पाण्यात जायची. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लग्नानंतर टिळकांची जी वणवण सुरू झाली ती दहा-बारा वर्षं थांबली नाही. कधी शिक्षक, कधी कीर्तनकार, कधी पुराणिक, कधी नुसतेच गायब. न सांगता निघून जायचं आणि आठवलं की परत यायचं. बायको कधी माहेरी, कधी बहिणीकडे. १८९१ च्या सुमारास नागपूरचे धनिक आप्पासाहेब बुटी यांनी त्यांना संस्कृत ग्रंथांच्या कामावर ठेवलं. तिथे टिळकांनी 'ऋषी' नावाचं मासिक चालवलं. वेदशास्त्राचा अभ्यास झाला, शास्त्री मंडळींत नाव झालं.

आणि त्याच काळात डोक्यात भुंगा शिरला. जात देवाने केली की माणसाने? हजारो वर्षं एका माणसाच्या सावलीने दुसरा माणूस बाटत असेल, तर असल्या धर्माचं करायचं काय? टिळकांनी यावर आपल्यापुरता एक नवा धर्मच आखून पाहिला. निर्माता एक, माणसं सगळी भावंडं, देवाचं बाप असणं आणि माणसाचं भाऊ असणं यातच धर्म संपला. कागदावर सगळं ठीक होतं. पण तो धर्म जगून दाखवणारा कुणी हवा होता, तो सापडत नव्हता.

राजनांदगावची गाडी

१८९३. टिळक कामाच्या शोधात नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात समोर एक युरोपियन बसला होता. त्या काळात गोऱ्या माणसाने नेटिवाशी डब्यात कसं वागायचं याचे अलिखित नियम होते, आणि ते काही गोड नव्हते. हा गृहस्थ मात्र आदराने बोलला. संस्कृत कवितेवर गप्पा झाल्या. मग विषय धर्मावर आला. उतरताना त्याने बायबलमधला नवा करार टिळकांच्या हातात दिला आणि भविष्य सांगितलं की दोन वर्षांच्या आत तू ख्रिस्ती होशील.

तो माणूस टिळकांना पुन्हा कधी भेटला नाही.

टिळकांनी पुस्तक वाचायला घेतलं ते परीक्षकाच्या थाटात. पेन्सिलीने खुणा करत, चुका काढत. मत्तयच्या शुभवर्तमानात पाच ते सात अध्यायांत येशूचं डोंगरावरचं प्रवचन आहे. जे दीन आहेत, सौम्य आहेत, शोक करताहेत, त्यांना तो धन्य म्हणतो. शत्रूवर प्रेम करायला सांगतो, दान गुपचूप करायला सांगतो. टिळक तिथे अडकले आणि पुढे गेलेच नाहीत म्हणा. ज्या प्रश्नांसाठी त्यांनी स्वतःचा धर्म रचायला घेतला होता, त्यांची उत्तरं इथे होती. वर ती स्वतः जगून दाखवलेला माणूसही होता.

इथे एक गंमत आहे. टिळक या निष्कर्षाला वारकऱ्यांच्या वाटेनं आले. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे गेलो असंच ते पुढे सांगत. म्हणजे धर्म बदलला तरी अभंग बदलला नाही.

लगेच बाप्तिस्मा मात्र नाही. मधल्या काळात खोट्या नावाने ख्रिस्ती नियतकालिकाशी पत्रव्यवहार केला. मुंबईचे मिशनरी जस्टिन अ‍ॅबट यांच्याशी त्यातून ओळख झाली. हेच अ‍ॅबट पुढे मराठी संतांचं वाङ्मय इंग्रजीत नेणार होते. शेवटी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत, अमेरिकन मराठी मिशनच्या चर्चमध्ये, टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. तिथेही त्यांचा एक हट्ट होता. पाणी गोऱ्या मिशनऱ्याच्या हातचं नको, भारतीय पाळकाच्या हातचं हवं. आणि भारतीय पाळक म्हणजे, त्या काळच्या हिशेबाने, टिळकांच्या जातीच्या माणसाने ज्याच्या हातचं पाणी घेतलं नसतं असा माणूस असण्याचीच शक्यता जास्त.

आता याची किंमत कुणी दिली

इथपर्यंतची गोष्ट चर्चमध्ये सांगायला छान आहे. पण जलालपूरला एक सव्वीस वर्षांची बाई होती. पदरात दत्तू नावाचा लहान मुलगा. तिचा नवरा ख्रिस्ती झाला ही बातमी तिला पत्रातून कळली.

१८९५ सालात याचा अर्थ काय? नवरा जिवंत असून मेल्यात जमा. ती सवाशीण की विधवा हे गावाला ठरवता येईना. हळदी-कुंकवाला बोलवायचं का, पंगतीला घ्यायचं का, मुलाचं काय करायचं? लक्ष्मीबाई कोलमडल्या. जीव द्यायचे विचारही मनात येऊन गेले. पुढे काही काळ त्या पंढरपुरात बहिणीच्या आधाराने राहिल्या.

देवाचं पाचारण एकाला आलं आणि घर दुसऱ्याचं मोडलं. याला नम्रता म्हणायचं का? टिळकांचे भक्त हा प्रश्न टाळतात आणि टीकाकार इथेच थांबतात. खरं उत्तर बाप्तिस्म्याच्या दिवसात नाही, पुढच्या पाच वर्षांत आहे.

कायदा टिळकांच्या बाजूने होता. इंग्रज सरकारने १८६६ मध्येच कायदा केला होता की धर्मांतर केलेल्या माणसाचा जोडीदार नांदायला तयार नसेल तर कोर्टातून ते लग्न मोडून घेता येतं आणि दुसरं करता येतं. टिळकांनी त्या कायद्याला हात लावला नाही. पत्रं लिहीत राहिले. भेटायला येत राहिले. बायकोच्या माहेरची माणसं तोंडावर बोलतील ते ऐकून घेत राहिले. एरवी शीघ्रकोपी म्हणून प्रसिद्ध असलेला हा माणूस. साधी आमटी बिघडली तरी घरात वादळ. तो या एका बाबतीत वाट बघायला शिकला.

शेवटी लक्ष्मीबाई नगरला आल्या. धर्म सोडून नाही, नवऱ्याकडे. सोवळं, स्वैपाक, पाणी सगळं वेगळं ठेवून. टिळकांनी ते मान्य केलं. मिशनच्या आवारात पाद्री होऊ घातलेला माणूस आणि त्याच्याच घरात त्याच्या हातचं पाणी न पिणारी बायको! आजूबाजूच्या ख्रिस्ती मंडळींना हे काय वाटलं असेल याची कल्पना करता येते. ज्याच्या प्रवचनाने जग बदलायचं त्याची बायको बदलेना. टिळकांनी तो टोमणा गिळला. चूल वेगळी तर वेगळी.

एके दिवशी लक्ष्मीबाईंनाच प्रश्न पडला. पशू-पक्ष्यांत देवाने जाती केल्या, त्या डोळ्यांना दिसतात. माणसांतल्या जाती का दिसत नाहीत? म्हणजे त्या देवाने केलेल्या नाहीत, माणसाने केल्या. बस, त्या दिवसापासून त्या कुणाच्याही हातचं खायला मोकळ्या झाल्या. यात टिळकांचं प्रवचन नव्हतं, दबाव नव्हता. १९०० साली राहुरीला त्यांनी स्वतःच्या पायाने जाऊन बाप्तिस्मा घेतला.

जलालपूरच्या त्या पाण्यात बुडवलेल्या वस्तूंच्या घरातून निघालेली ही मुलगी. आणि नेमका तेव्हाच छप्पन्नचा दुष्काळ पडला होता. खानदेश, नगर, सगळीकडे माणसं अन्नान्न करत होती. टिळकांच्या घरात दुष्काळातली अनाथ मुलं येऊ लागली. कुणाची जात कुणी विचारली नाही. त्यांना न्हाऊ-माखू घालायचं काम लक्ष्मीबाईंकडे आलं.

म्हणून टिळकांच्या नम्रतेचा खरा दाखला त्यांच्या भजनांत शोधण्यापेक्षा त्या दुसऱ्या चुलीत शोधावा. लक्ष्मीबाईंनी ते दिवस लिहून ठेवलेत, आणि त्यांनी नवऱ्याला कुठेही देवत्व दिलेलं नाही. उलट फटकेच जास्त आहेत.

रेव्हरंड, पण मायबाप नको

नगरमध्ये टिळक धर्मशिक्षणाच्या शाळेत, म्हणजे सेमिनरीत, शिकवू लागले. १९०४ साली दीक्षा होऊन रेव्हरंड झाले. १९१२ पासून 'ज्ञानोदय'चा मराठी भाग संपादू लागले. हे पत्र १८४२ साली नगरलाच सुरू झालेलं, मराठीतल्या सगळ्यात जुन्या नियतकालिकांपैकी एक. म्हणजे पद आलं, पगार आला, छापखाना हाताशी आला.

त्या काळात मिशनच्या आवारात एक उतरंड होती. वर गोरे साहेब, खाली देशी ख्रिस्ती. बंगला साहेबाचा, निर्णय साहेबाचा, पैसा साहेबाच्या देशातून येणारा. देशी ख्रिस्ती माणूस साहेबाला मायबाप म्हणायचा. टिळकांना हे सहन होत नव्हतं. ज्या येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याच्या नावाने नवीन जमीनदारी उभी राहतेय, असा त्यांचा रोख होता. मिशनऱ्यांवर त्यांनी बोचऱ्या कविता लिहिल्या, मिशनचाच पगार घेत असताना. आणि गोऱ्यांनीही त्यांना काढून टाकलं नाही, हेही नोंदवायला हवं.

आता नम्रता आणि हे भांडण एकत्र कसं बसतं, असा प्रश्न येतोच. टिळकांच्या लेखी नम्र असणं म्हणजे साहेबापुढे मान खाली घालणं नव्हतं. मान देवापुढे एकदा वाकवली की मग इतर कुणापुढे वाकवायची गरज नाही आणि कुणाची वाकवून घ्यायचीही नाही, असं ते गणित होतं. पुढे त्यांनी ते स्वतःलाही लावलं, तेव्हा ते खरं महाग पडलं.

यात भजनांचं काम चालूच होतं. टिळकांच्या आधी मराठी चर्चमधली बरीचशी गाणी इंग्रजी चालींवर बेतलेली होती. शब्द मराठी, पण अंगावर कोट घातलेले. ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा नगरला कृष्णराव सांगळे यांनी टिळकांच्या आधीच सुरू केली होती, ते श्रेय त्यांचंच. टिळकांनी अभंग आणि ओवी उपासनेत आणली. येशूला ते माउली म्हणू लागले. 'अभंगांजली' आली. आज मराठी चर्चमध्ये 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक वापरतात, त्यात टिळकांची गीतं शेकड्याने आहेत. गाणाऱ्यांपैकी कित्येकांना कवीचं नाव ठाऊक नसतं. टिळकांना हे आवडलंच असतं बहुधा.

ठोमरे घरात आला

आता परत जळगावकडे.

ठोमऱ्यांचं घर म्हणजे बदल्यांचं घर. वडील पोलीस खात्यात, त्यामुळे आज या गावात तर उद्या त्या गावात, असा सगळा खानदेश पायाखालून गेलेला. पोराने पहिली कविता लिहिली ती नवापूरला, तेरा वर्षांचा असताना. झाडं, डोंगर, ओढे यांच्याशिवाय त्याला शिकवायला होतं कोण? शिक्षण अर्धवट, परिस्थिती ओढगस्तीची, स्वभाव लहरी आणि हळवा. थोडक्यात, तरुणपणीचा नारायण टिळकच.

टिळकांनी हे ओळखलं असणार. आई गेल्यावर घर सोडून नाशिकला आलेल्या पोराला कुणीतरी दारात घेतलं होतं, त्याची परतफेड करायची वेळ आली होती.

नगरच्या घरात ठोमरे राहिला तो अगदी घरच्यासारखा. लक्ष्मीबाईंनी त्याच्या खोड्या, रुसवे, भित्रेपणा, सगळं प्रेमाने लिहून ठेवलंय. टिळकांचा मुलगा दत्तू आणि ठोमरे बरोबरीचे. कविता दोन्हीकडून वाहत होती. वयाने, नावाने मोठे टिळक. पण थोड्याच दिवसांत स्पष्ट झालं की निसर्गाच्या कवितेत हा पोरगा गुरूच्या पुढे जाणार. 'फुलराणी', 'औदुंबर', 'श्रावणमास'. फुलांचे कवी म्हणून टिळकांची ओळख होती, आणि फुलांवरची सगळ्यात लाडकी मराठी कविता घरातल्या या पोराच्या नावावर गेली. मराठी साहित्यात गुरु-शिष्यांची भांडणं कमी नाहीत. इथे तसं काही घडलं नाही.

आणि दुसरी गोष्ट. पाद्रीच्या घरी राहूनही बालकवी हिंदूच राहिले, शेवटपर्यंत. एका गरीब, परावलंबी, आपल्या अन्नावर असलेल्या मुलाला धर्म बदलायला लावणं टिळकांसारख्या वजनदार माणसाला अवघड नव्हतं. मिशनऱ्यांवर असा आरोप तेव्हाही व्हायचा, आजही होतो, आणि काही ठिकाणी तो खराही असतो. टिळकांच्या घरात मात्र बायकोला जो नियम लावला तोच पोराला लावला. हाक ज्याची त्याला ऐकू यायला हवी.

पगार सोडला

१९१७. वय पंचावन्न. तब्येत बरी नाही. अशा वयात माणूस पेन्शनचा हिशेब करतो. टिळकांना वाटलं की आपल्याला पुन्हा हाक आली आहे, आणि या वेळी ती मिशन सोडायला सांगते आहे.

वीसहून जास्त वर्षांची मिशनची चाकरी त्यांनी सोडली. पगारही सोडला. ख्रिस्ती संन्यासी म्हणून राहायचं ठरवलं आणि मुक्काम साताऱ्याला हलवला. तिथे 'देवाचा दरबार' सुरू केला. नाव भपकेबाज आहे, पण दरबारात राजा एकच, बाकी सगळे सारखे. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. येशूला मानतो पण चर्चमध्ये नाव नोंदवायचं नाही, जात-घर तोडायचं नाही असं म्हणणारा माणूसही आत येऊ शकत होता.

हे चर्चमधल्या अनेकांना पटणारं नव्हतं. बाप्तिस्म्याशिवाय शिष्य कसा? मग सभासद कोण, नोंद कुठे, शिस्त कुणाची? प्रश्न चुकीचे नव्हते. टिळकांकडे संस्था चालवायची हातोटी कधीच नव्हती, घर चालवायचीसुद्धा नव्हती. पगार बंद झाल्यावर संसाराची ओढाताण पुन्हा लक्ष्मीबाईंच्याच वाट्याला आली हेही खरं. हाक आली की नवरा निघणार आणि घर बायको ओढणार, हे १८९५ मध्ये झालं तेच १९१७ मध्ये झालं. फरक इतकाच की या वेळी त्या परक्या राहिल्या नव्हत्या. साताऱ्याला त्या बरोबर होत्या.

दरबार फार काळ टिकला नाही. टिळकांकडे वेळच उरला नव्हता. पण कल्पना वाया गेली नाही. त्यांचे इंग्रज मित्र जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ काढला. देशी आणि विदेशी माणसांनी एका छताखाली, सारख्याच साधेपणाने राहायचं, हे त्याचं सूत्र होतं. टिळकांचं पहिलं इंग्रजी चरित्रही विन्स्लो यांनीच लिहिलं.

भादली स्टेशन आणि एक अर्धी पोथी

५ मे १९१८. जळगावजवळचं भादली स्टेशन. रूळ ओलांडताना बालकवी मालगाडीखाली सापडले. वय सत्तावीस. अकरा वर्षांपूर्वी ज्या जळगावात पदवी मिळाली होती तिथून अगदी जवळ. टिळक तेव्हा साताऱ्याला होते. घरातला मुलगा गेल्याचं दुःख त्या घराने केलं.

त्यानंतर वर्ष आणि चार दिवसांनी, ९ मे १९१९ ला, मुंबईत टिळक गेले.

ख्रिस्ती माणसाला पुरतात ही तेव्हाची पक्की रीत. टिळकांनी आपल्या देहाला अग्नी द्यावा अशी इच्छा सांगून ठेवली होती आणि तसंच करण्यात आलं.

मागे एक मोठं काम अर्धवट राहिलं होतं. येशूचं चरित्र मराठी ओव्यांत सांगायचं, रामायणासारखं, म्हणून नाव 'ख्रिस्तायन'. टिळकांच्या हातून सुरुवातीचे थोडेच अध्याय झाले होते. पुढचं कोण लिहिणार? नामवंत कवी पुष्कळ होते.

लिहिलं लक्ष्मीबाईंनी. ज्यांना लिहायला-वाचायला लग्नानंतर नवऱ्याने शिकवलं, ज्यांनी त्याच्या धर्मापायी पाच वर्षं एकटीने काढली, ज्यांची जोडाक्षरं शेवटपर्यंत चुकायची, त्या बाईंनी पोथी पुढे घेतली आणि एकेक करत चौसष्ट अध्याय लिहून पुरी केली. 'स्मृतिचित्रे'चे भागही त्याच उतारवयात छापून येऊ लागले. २४ फेब्रुवारी १९३६ ला त्या गेल्या.

आज ग्रंथालयात 'ख्रिस्तायन' काढलंत तर नवऱ्याचे अध्याय सुरुवातीलाच संपतात. त्यापुढची सगळी पोथी बायकोची आहे.